मेहेर कुणाचा

खालूंचा जनाजा ओटीवर ठेवला होता. खेड तालुक्यातलं आमचं गाव, श्रावणातला पाऊस, पागोळ्यांचा एकसारखा आवाज. मी अकरा वर्षांची. खालाला, म्हणजे माझ्या मावशीला, शेवटचं तोंड पाहायला आणलं, तेव्हा तिची चुलतसासू तिच्या कानाशी वाकून म्हणाली, "मेहेर माफ केला म्हण. म्हण बाय, त्याची वाट मोकळी होऊ दे." खालाला काही कळलं नसावं. ती नुसती चेहऱ्याकडे बघत राहिली. चुलतसासूने दुसऱ्यांदा सांगितलं, मग तिसऱ्यांदा. खाला म्हणाली, "माफ केला." पुरुषांनी खांदा दिला.

पुढे वकिली शिकत असताना मी खालाचा निकाहनामा मागून घेतला. मेहेर, म्हणजे निकाहात नवऱ्याने बायकोला देऊ केलेली रक्कम, १२५ रुपये, आणि पुढे एक शब्द: मुअज्जल. हा शब्द उर्दूत दोन तऱ्हांनी लिहितात. ऐन घालून लिहिला तर मेहेर मागताक्षणी द्यायचा, वाव-हमजा घालून लिहिला तर नंतर कधीतरी, म्हणजे तलाक झाला किंवा नवरा वारला तर. कानाला दोन्ही सारखेच. खालाच्या कागदावर वाव होता. त्या १२५ रुपयांची बाकी तिने जनाज्यापाशी, कोणीतरी शिकवलेल्या दोन शब्दांत सोडून दिली होती. मयताच्या मालमत्तेतून वारसांना वाटणी देण्याआधी ज्यांची देणी फेडायची असतात, त्यांत बायको असते. शरियत हे सांगते आणि आपली न्यायालयंही ब्रिटिश काळापासून मेहेराला कर्जच मानत आली आहेत. खालाला हे कोणी सांगितलं नव्हतं.

बायकोचं हे येणं किती पक्कं असतं, या प्रश्नाने माझी पाठ कधी सोडली नाही. त्याचं सगळ्यात ठाम उत्तर मला मिळालं ते मात्र अगदी अनपेक्षित ठिकाणी, लिंगबदलावरच्या एका प्रकरणात.

१९६४च्या नोव्हेंबरात इराणच्या शहाने आयातुल्ला रूहुल्ला खोमेनींना देशाबाहेर काढलं आणि त्यांची रवानगी तुर्कस्तानातल्या बुर्सा शहरात झाली. (खोमेनींचे आजोबा आपल्या उत्तर प्रदेशातल्या बाराबंकीजवळच्या किंतूर गावचे. इराणात त्यांना 'हिंदी' म्हणूनच ओळखत.) बुर्सात ना मदरसा होता, ना शिष्य. तिथे त्यांनी फिक्हचा, म्हणजे इस्लामी धर्मशास्त्राचा, आधीचा एक ग्रंथ समोर घेऊन त्याचा विस्तार करायला घेतला. तोच 'तहरीर अल-वसीला'. त्याच्या शेवटी नव्या काळाने उभ्या केलेल्या प्रश्नांचा विभाग आहे: विमा, बँक, शवविच्छेदन, अवयवरोपण, कृत्रिम गर्भधारणा. त्यातच लिंगबदलाचंही एक छोटं प्रकरण आहे.

ते प्रकरण पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी थबकले. पुरुषाने स्त्री होणं किंवा स्त्रीने पुरुष होणं हराम नाही, असं सुरुवातीलाच दोन ओळींत सांगून खोमेनी लगेच पुढे सरकतात आणि थेट हिशेबाला बसतात. एखादीचं लग्न झालं आणि नंतर ती पुरुष झाली, तर बदल झाला त्या क्षणापासून लग्न बातल. सहवास झालेला असेल तर नवऱ्याने पूर्ण मेहेर द्यायचा. सहवास झालेला नसेल तर? अर्धा की पूर्ण? इथे ते घुटमळतात, हा मुद्दा अवघड आहे असं लिहितात, आणि मग कौल देतात: अधिक पटणारं मत पूर्ण मेहेराचं. उलट बाजूही तशीच. नवरा स्त्री झाला तरी लग्न संपतं आणि मेहेराचं देणं राहतं.

त्या देण्याचं चित्र डोळ्यांसमोर आणून बघा. एक पुरुष दुसऱ्या पुरुषाकडे मेहेर मागायला उभा आहे, आणि शास्त्र म्हणतंय की याचं येणं खरं आहे. किंवा एका बाईवर दुसऱ्या बाईच्या मेहेराचं कर्ज आहे. हे लिहिताना मराठी मला पावलोपावली अडवते. करार केला तेव्हा 'ती' होती, वसुलीला आला तो 'तो'. आपल्या भाषेत क्रियापदसुद्धा बाई की बुवा हे ठरवल्याशिवाय हलत नाही. फारसीत ही अडचण येत नाही, तिथे तो आणि ती दोघांना 'ऊ' हे एकच सर्वनाम. पण खोमेनींनी हे लिहिलं अरबीत, आणि अरबीतही क्रियापदाला लिंग चिकटलेलं असतंच. तरी त्या वाक्यांतला धनको हलत नाही. देह बदलला, नाव बदललं, लग्न संपलं. देणं मात्र जिथल्या तिथे.

पूर्णच का, याचं उत्तर मेहेर म्हणजे काय यातच आहे. मेहेर ही नवऱ्याने खुशीने दिलेली भेट नाही आणि सहवासाचं भाडंही नाही. इराणच्या नागरी संहितेचं १०८२ वं कलम सांगतं की निकाह लागताक्षणी बायको मेहेराची मालक होते आणि त्याचं हवं ते करू शकते. हातात पैसा आला नसला तरी मालकी आली. आता अर्ध्या मेहेराची गोष्ट. कुरआनच्या दुसऱ्या सूरेतली २३७ वी आयत सांगते की मेहेर ठरलेला असून स्पर्श होण्याआधीच तलाक दिला तर निम्मा द्यावा. म्हणजे निम्मं होणं हा अपवाद आहे आणि तो तलाकासाठी सांगितलेला आहे. लिंगबदलात तलाक कोणी उच्चारत नाही. लग्न रद्द करायचा हक्क, ज्याला फस्ख म्हणतात, तोही कोणी वापरत नाही. नवरा आणि बायको हे दोन खांबच उरले नाहीत म्हणून लग्न आपोआप कोसळतं. शास्त्रात याला इन्फिसाख असा वेगळा शब्द आहे. तलाक झालेला नाही, मग तलाकाचा अपवाद कसा लावणार? ज्या मालाची मालकी एकदा दिली त्यातला निम्मा परत घ्यायला आधार हवा. आधार नाही, म्हणून पूर्ण.

या युक्तिवादाला विरोध झाला नाही असं नाही. इराणातल्या कुम शहरातल्या मदरशांत पुढे यावर बराच खल झाला. सहवासाआधीचा लिंगबदल तलाकासारखाच धरून निम्मा द्यावा, असं म्हणणारे आहेत. बायकोने आपल्या मर्जीने लग्न मोडलं तर तिला काहीच देऊ नये, असंही एक मत आहे. नवऱ्याची परवानगी होती की नव्हती यावर सगळं ठरवू पाहणारे आहेत. संहितेचं ११०१ वं कलम 'काहीच देऊ नये' म्हणणाऱ्यांना टेकू देतं, कारण सहवासाआधी लग्न रद्द झालं तर बायकोला मेहेर नाही, असं ते सांगतं. अपवाद एकच, नवरा नपुंसक निघाला तर निम्मा. पण ते कलम रद्द करण्याबद्दल आहे, आपोआप कोसळण्याबद्दल नाही. या एका शब्दाच्या फटीत एखाद्या माणसाचं पुढचं आयुष्य अडकू शकतं.

कारण इराणात मेहेर म्हणजे १२५ रुपये नव्हेत. तिथे तो 'बहार-ए-आझादी' नावाच्या सोन्याच्या नाण्यांत लिहितात. एक नाणं सव्वाआठ ग्रॅमला किंचित कमी. कोणी शिया परंपरेतल्या चौदा मासूमांच्या नावाने १४ लिहितं, कोणी बद्रच्या लढाईतल्या माणसांइतकी ३१३, कोणी हौसेने हजाराच्या वर. लग्नाच्या बैठकीत मुलीकडचे आकडा वाढवतात आणि मुलाकडचे मान डोलावतात, कारण म्हणच आहे: मेहेर कोणी दिलाय, कोणी घेतलाय! पुढे बायका मागायला लागल्या आणि नवरे तुरुंगात जायला लागले. २०१३च्या कुटुंब संरक्षण कायद्याने मर्यादा घातली, ११० नाण्यांपर्यंतच्या वसुलीसाठी तुरुंगाची भीती, त्यावरच्या आकड्यासाठी नवऱ्याची ऐपत पाहायची. ११० नाणी म्हणजे ८९४ ग्रॅमच्या आसपास वजन. एका घराचा आधार होईल किंवा एका घराला कर्जात बुडवील इतकं सोनं.

त्याच कायद्याच्या चौथ्या कलमात कुटुंब न्यायालयाने कुठले खटले ऐकायचे याची यादी आहे. साखरपुडा, निकाह, मेहेर, निर्वाह, ताबा, असं करत करत अठराव्या क्रमांकावर शेवटची नोंद येते: लिंगबदल. हा विषय वैद्यकीय खात्याच्या किंवा पोलिसांच्या यादीत टाकता आला असता. कायदा करणाऱ्यांनी तो मेहेराच्या आणि पोटगीच्या पंगतीत बसवला. देह बदलतो तेव्हा घरातले हिशेब बदलतात, हे त्यांनी ओळखलं होतं.

पण हिशेबाची दुसरी बाजूही आहे, आणि ती कडू आहे.

मेहेर टिकतो कारण तो झालेला व्यवहार आहे. जे पुढे मिळायचं होतं ते टिकत नाही. नवऱ्याने बायकोला पोसायचं हे ११०६ वं कलम सांगतं. लग्न कोसळलं त्या क्षणी ती पोटगी थांबते. तलाकानंतर इद्दतीचे, म्हणजे पुनर्विवाहाआधी थांबायचे, महिने तरी असतात आणि परत घेता येण्याजोग्या तलाकात त्या काळाचा खर्च नवऱ्यावर असतो. इथे इद्दतच नाही. पुरुष झालेल्याला कसली इद्दत? खोमेनी तर पुढे जाऊन लिहितात की विधवा इद्दतीत असताना पुरुष झाली तरी तिची इद्दत तिथल्या तिथे सुटते. नवऱ्याने आधीच थकवलेली पोटगी मात्र मागता येते. शिया कायद्यात तेही कर्जच आहे आणि संहितेचं १२०६ वं कलम ते बोलून दाखवतं. (आपल्याकडच्या बहुसंख्य मुसलमानांच्या हनफी मतात न्यायालयाचा हुकूम किंवा आपसातला करार नसेल तर थकलेली पोटगी बुडते. खालाच्या पिढीतल्या किती बायकांची अशी बुडाली असेल.)

आणि मुलं. बाप स्त्री झाला तर अज्ञान मुलांवरची त्याची वलायत, म्हणजे त्यांच्या जिवाची आणि मालमत्तेची कायदेशीर राखण, संपते. आई पुरुष झाली तर तिला ती मिळत नाही. राखण जाते आजोबांकडे, तेही नसतील तर काजीकडे. हे वाचताना माझा हात थांबला. सगळं जर आजच्या देहावर ठरतं, तर पुरुष झालेल्या आईला बापाचा हक्क का नाही? आणि जर जन्मदात्याचं नातं टिकतं, तर स्त्री झालेल्या बापाचा हक्क का जातो? दोन्हीकडून तोटा. त्यातून निघतं ते एकच, हा माणूस आपल्याच लेकरांच्या बाबतीत परका होतो. मेहेराच्या वेळी जी न्यायबुद्धी इतकी लखलखीत होती ती इथे मला सापडली नाही, आणि हे मी आदर राखूनच लिहिते आहे.

वारशातही प्रश्न आहेत. मुलगी मुलगा झाली आणि त्यानंतर वडील वारले, तर तिला, म्हणजे त्याला, मुलाचा दुप्पट वाटा. बहीण भाऊ होते, भाऊ बहीण होतो, नातं तुटत नाही. पण आईबापांपैकी एकाने लिंग बदललं आणि मग लेकरू वारलं तर? वाटा आजच्या देहावर ठरवायचा की गर्भ राहिला त्या वेळच्या? इथे खोमेनींची लेखणी अडखळलेली स्पष्ट दिसते.

त्या प्रकरणातला सगळ्यात विलक्षण मसला मी कितीदा तरी वाचला असेल. नवरा-बायको दोघांनीही एकाच वेळी लिंग बदललं तर? एक आधी आणि एक नंतर असेल तर लग्न पहिल्याच बदलाने संपलं. पण अगदी एकाच क्षणी झालं तर लग्न मोडलं, की टिकलं आणि फक्त कामं बदलली? म्हणजे आजवर पोसत आला तिला आता पोसलं जाईल, आणि आजवर पोसली गेली त्याने आता पोसायचं. खोमेनी सांगतात की सावधगिरी म्हणून निकाह पुन्हा लावावा, आणि दोघांच्या संमतीने तलाक झाल्याशिवाय नव्या बायकोने दुसरीकडे लग्न करू नये. तरी लग्न टिकलं असं मानणं अगदीच दूरचं नाही. शस्त्रक्रिया एका दिवसात संपत नाही, कोणाचं जोडपं असं एका क्षणात बदलणार? पण मदरशात शिकवतात ते असंच, टोकाचं उदाहरण घेऊन नियम ताणून बघायचा. ताणल्यावर दिसतं ते हे की पोसण्याची जबाबदारी माणसाला चिकटलेली नाही, ती जागेला चिकटलेली आहे. जो त्या जागेवर उभा, त्याने ती उचलायची.

ही विचारपद्धत नवी नाही. शिया परंपरेत काजी शुरैह यांच्यासमोर आलेल्या एका खटल्याची कथा फार जुनी आहे. एक विवाहित व्यक्ती कचेरीत आली आणि म्हणाली, लोकांना बाहेर काढा. मला पुरुषाचं आहे आणि बाईचंही. नवऱ्यापासून मला मूल झालं. नवऱ्याने मला सेवेला एक दासी दिली होती, तिला माझ्यापासून मूल झालं. शुरैह गोंधळले आणि हजरत अलींकडे धावले. अलींनी बरगड्या मोजायला लावल्या, दोन्ही बाजूंच्या सारख्या भरल्या नाहीत, आणि पुरुष असल्याचा निकाल दिला. केस कापले, पुरुषाचे कपडे दिले. बरगड्या मोजून आज कोणी काही ठरवणार नाही. मला त्या कथेत बोचते ती दासी. नवऱ्याने बायकोला दिलेली वस्तू म्हणून ती गोष्टीत येते, तिच्या कोणत्याच हिशेबाची कोणी चौकशी करत नाही.

दोन्ही खुणा असलेल्या माणसाला फिक्हमध्ये खुन्सा म्हणतात. वारशात त्याचा वाटा किती यावर शतकानुशतकं लिहिलं गेलं आहे. लिंग ठरवताच आलं नाही तर शिया मतात पुरुषाच्या आणि स्त्रीच्या वाट्याची सरासरी, हनफी मतात दोहोंपैकी कमी असेल तो. १९८८ मध्ये अल-अझहरचा एक वैद्यकीय विद्यार्थी शस्त्रक्रियेनंतर सॅली झाला आणि इजिप्त ढवळून निघाला, तेव्हा मुफ्ती तंतावींनीही याच वाटेने उत्तर दिलं. दडलेली स्त्री किंवा दडलेला पुरुष उघड करायला शस्त्रक्रिया चालेल, नुसती इच्छा म्हणून नाही. सुन्नी जगात बहुतेक ठिकाणी गाडी याच थांब्यावर उभी आहे. पाकिस्तानात २०१८च्या कायद्याने स्वतः सांगितलेल्या ओळखीवर वारसाहक्क ठरवायचा प्रयत्न केला. मे २०२३ मध्ये तिथल्या फेडरल शरियत कोर्टाने ती कलमं शरियतविरोधी ठरवली.

इराणात मात्र खोमेनींचं ते पान कागदावरच राहिलं असतं, एक बाई उठली नसती तर. मरियम खातून मोल्कारा. क्रांतीनंतर तिला जबरदस्तीने पुरुषी कपड्यांत राहायला लावलं होतं. १९८०च्या दशकात, इराकशी युद्ध चालू असताना, ती उत्तर तेहरानच्या जमारानमध्ये खोमेनींच्या घराकडे चालत निघाली. अंगात पुरुषी सूट, हातात कुरआन, बूट गळ्यात बांधलेले. आसरा मागायला आलेल्याची ही खूण शिया माणसाला लगेच कळते, करबल्यात हुसैनच्या बाजूला आलेल्या हुर्रची आठवण त्यात आहे. पहारेकऱ्यांनी तिला झोडपलं. छातीवर गुंडाळलेलं काही त्यांना स्फोटक वाटलं. खोमेनींचे थोरले भाऊ पसंदीदे मध्ये पडले, तेव्हा कुठे ती आत पोचली. बाहेर पडली ती पत्र घेऊन: विश्वासू डॉक्टरांनी सांगितलं तर लिंगबदलाला शरियतची हरकत नाही. अंगावर बायकांची चादोर होती. २०१२ मध्ये ती वारली.

या वाटेने आज इराणात शस्त्रक्रिया होतात, न्यायवैद्यक खातं परवानगी देतं, नवं ओळखपत्र मिळतं. करिमीनिया नावाच्या कुमच्या मौलवींनी यावर प्रबंध लिहिला. सृष्टीत ढवळाढवळ होते म्हणणाऱ्यांना ते विचारतात, गव्हाचं पीठ आणि पिठाची रोटी करतो ती ढवळाढवळ नाही का? पण त्याच देशात समलिंगी संबंधांना फाशीपर्यंतची शिक्षा आहे. ज्याला देह बदलायचाच नाही, त्यालाही 'बदल, म्हणजे वैध होशील' असं सुचवणारी ही दुधारी वाट आहे. या विषयावर मोठा ग्रंथ लिहिणाऱ्या अफसाने नजमाबादी यांनी तिची गुंतागुंत धीराने उलगडली आहे. कोणाला तिथे खरोखर मोकळा श्वास मिळाला, हेही त्या नाकारत नाहीत.

वकील म्हणून माझं मन पुन्हा कागदांच्या क्रमाकडे जातं. पुरुष होऊ पाहणाऱ्या बायकोने आधी 'खुला', म्हणजे बायकोने काही देऊन घेतलेला तलाक, मागितला तर सुटकेच्या बदल्यात बहुधा मेहेरच सोडावा लागतो. आधी देह बदलला तर लग्न आपोआप संपतं आणि पूर्ण मेहेर उभा राहतो. कुठला कागद आधी, यावर ११० नाणी. अशा वेळी घरचे काय सांगत असतील? "दे सोडून, वाट मोकळी कर." मला तो स्वर ओळखीचा वाटतो.

आपल्याकडे तर पानच कोरं आहे. २०१९चा तृतीयपंथी व्यक्ती कायदा जिल्हाधिकाऱ्याकडून ओळखपत्र देतो. लग्न, मेहेर, वारसा यांबद्दल तो चकार शब्द काढत नाही. २०२३च्या मार्चमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितलं की शस्त्रक्रियेने स्त्री झालेल्या व्यक्तीला कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याखाली नवऱ्याकडून पोटगी मागता येते. २०२४च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने तलाक झालेल्या मुस्लिम स्त्रीचा फौजदारी प्रक्रिया संहितेखालचा पोटगीचा हक्क पुन्हा पक्का केला. दोन्ही निकालांनी मला बळ दिलं. पण भिवंडीतल्या किंवा मालेगावातल्या एखाद्या मुस्लिम घरात उद्या सून म्हणाली की मी पुरुष आहे, तर तिच्या निकाहनाम्यावरच्या आकड्याचं काय करायचं, याचं उत्तर आज कोणत्याच काजीच्या दप्तरात लिहिलेलं नाही. उत्तर शोधायची वेळ येईल तेव्हा बुर्सातल्या त्या पानापासून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं. आपले बहुतेक मुसलमान शिया नाहीत, हे मला ठाऊक आहे. पण हिशेब चोख असेल तर तो कुठल्या मदरशातला, हे मी विचारत नाही.

गेल्या हिवाळ्यात खालाच्या नातीचा निकाह झाला. काजीसाहेब रकाने भरत होते. मेहेरापुढे 'मुअज्जल' लिहायला त्यांनी कलम टेकवलं, तशी खाला खुर्चीतून पुढे झुकली. ऐंशी पार केलेली, डोळ्यांत मोतीबिंदू. तिने मला खुणेने जवळ बोलावलं आणि विचारलं, "काय लिवतायत गं? ऐन की वाव?"

"ऐन, खाला."

"बघ नीट."

मी वाकून पाहिलं. ऐनच होता. नोटांचं पाकीट नवरीच्या हातात आलं, तेव्हा खालाने ते मागून घेतलं आणि सगळ्यांदेखत, बोटाला थुंकी लावून, एकेक नोट मोजली.